युकुलेलेची कॉर्ड शीट कशी वाचायची

युकुलेले म्हणजे गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य, आणि कॉर्ड म्हणजे एकदम वाजणाऱ्या काही सुरांचा गुच्छ. त्याची कॉर्ड शीट पहिल्यांदा हातात आली की त्यात ओळखीचे दिसतात ते फक्त गाण्याचे शब्द. त्यांच्या डोक्यावर रोमन अक्षरं, बाजूला ठिपक्यांच्या चौकटी, मध्येच तिरक्या रेघा आणि वर-खाली जाणारे बाण. यातलं काहीच अवघड नाही, पण एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. हा कागद मुळात अर्धवटच असतो. तो चाल सांगत नाही आणि बऱ्याचदा लयही सांगत नाही. गाणं तुम्हाला येतंय असं धरून तो एवढंच सांगतो, की कुठल्या अक्षरावर डाव्या हाताची बोटं बदलायची. म्हणून ऐकलेलं नसलेलं गाणं नुसत्या शीटवरून बसवायला जाऊ नका. आधी ते गुणगुणता आलं पाहिजे.

आपल्या स्वरलिपीचंही तसंच आहे. नाशिकला ज्यांचा रामनाम आधार आश्रम होता, त्या पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी (१८७२–१९३१) स्वतःची स्वरलिपी तयार केली. पण ती समोर ठेवून गाणं शिकवायला गुरू लागतच होता. कागद आठवण करून देतो, गाणं कानातून येतं. आणि कान आपल्याकडे तयार असतात. घरात पेटी वाजलेली असते, मंडळात टाळ धरलेले असतात, मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या ठेक्यावर पाय हललेले असतात. त्या ओळखीचा इथे भरपूर उपयोग होतो, आणि मला नवख्या मंडळींना हेच सांगायचंय, की युकुलेले परकं वाद्य म्हणून शिकू नका.

आधी तारा जुळवा

वाद्य मांडीवर धरलं की हनुवटीकडून जमिनीकडे चार तारा येतात: जी, सी, ई, ए. त्यांचे क्रमांक मात्र उलटे, म्हणजे हनुवटीकडची चौथी आणि जमिनीकडची पहिली. पेटीवर याच तारा पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. पांढरी एक सा धरला, तर मोकळ्या चार तारा म्हणजे प, सा, ग, ध. चारही सूर मधल्या सप्तकातले. गिटार वाजवलेल्यांना वाटतं की सगळ्यात वरची तार खर्जाची असणार. युकुलेलेवर ती सा आणि ग या दोन्ही तारांपेक्षा उंच लागते. या वाद्याचा तो हलका, खळखळता आवाज बराचसा त्यामुळेच आहे. काही जण चौथ्या तारेच्या जागी जाड तार लावून तो प खालच्या सप्तकात नेतात. कॉर्डची बोटं त्याने बदलत नाहीत.

सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही आकारांना हीच जुळणी आणि त्यामुळे एकच शीट चालते. बॅरिटोन वेगळा, तो डी, जी, बी, ई असा लागतो. दुकानातून घेताना तेवढं विचारून घ्या.

जुळवायला फोनमधलं ॲप घरात ठीक आहे. पण संध्याकाळी नाशिकच्या रामकुंडावर आरतीच्या वेळी किंवा शालिमारच्या गर्दीजवळ फोनच्या माइकला घंटा आणि हॉर्नच ऐकू येतात. खुंट्यांच्या पट्टीला चिमट्यासारखा बसणारा क्लिप ट्यूनर लाकडाची थरथर ओळखतो, त्याला बाहेरच्या आवाजाचं काही नाही. बाहेर बसून वाजवणार असाल तर तोच घ्या. आणि नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीचे काही दिवस सारख्या उतरतात. त्या ताणून जागेवर येईपर्यंत दर दोन गाण्यांनी खुंटी पिळावी लागते. वाद्य खराब आहे असं समजू नका.

ठिपक्यांची चौकट

कॉर्डच्या नावाखाली जी छोटी चौकट असते, ती म्हणजे वाद्य तुमच्यासमोर भिंतीला उभं टेकवलं तर दिसणारं चित्र. उभ्या चार रेघा म्हणजे तारा, डावीकडून जी, सी, ई, ए. आडव्या रेघा म्हणजे फ्रेट, सतारीवरचे पडदे. सगळ्यात वरची जाड रेघ म्हणजे घोडीच्या उलट्या टोकाची पट्टी, जिथून मोकळी तार सुरू होते. ठिपका असेल त्या घरात बोट ठेवायचं. बोट पडद्यावर नाही, तर त्याच्या अलीकडे, त्याला जवळजवळ चिकटून. तिथे दाब कमी लागतो आणि तार झणझणत नाही.

ठिपक्यात आकडा असला तर तो बोटाचा: १ तर्जनी, २ मधलं, ३ अनामिका, ४ करंगळी. चौकटीच्या बाजूला आकडा असला, समजा ५, तर चित्र पाचव्या फ्रेटपासून सुरू होतंय. तिथे वरची रेघ बहुधा जाड नसते. दोन-तीन तारांवरून कमान किंवा जाड आडवी पट्टी काढलेली असेल, तर एकच बोट त्या सगळ्या तारांवर आडवं दाबायचं. त्याला बॅरे म्हणतात. सुरुवातीच्या महिन्यात बॅरे असलेली गाणी बाजूला ठेवली तरी काही बिघडत नाही.

आता तबला किंवा गायनाच्या परीक्षा दिलेल्यांसाठी एक सावधगिरी. भातखंडे पद्धतीत × म्हणजे सम आणि ० म्हणजे खाली. कॉर्डच्या चौकटीवर हीच दोन चिन्हं तारांच्या डोक्यावर येतात आणि त्यांचा तालाशी काही संबंध नसतो. ० म्हणजे तार मोकळी वाजू द्या, × म्हणजे ती तार वाजवू नका. पुढे स्ट्रमिंगच्या, म्हणजे उजव्या हाताने तारा छेडण्याच्या, ओळीत × पुन्हा येईल आणि तिथे त्याचा अर्थ तिसराच असेल. चिन्ह कुठे बसलंय ते आधी पाहायचं, मग अर्थ लावायचा.

जागा वाचवायला काही शीटवर चौकटीऐवजी नुसते चार आकडे छापतात. ०००३ म्हणजे सी, २००० म्हणजे ए मायनर, २०१० म्हणजे एफ, ०२१२ म्हणजे जी सेव्हन. आकडे जी तारेपासून ए तारेपर्यंत त्याच क्रमाने, आणि आकडा फ्रेटचा, बोटाचा नाही. या चार कॉर्डवर ढीगभर गाणी निघतात.

टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठला फ्रेट दाबायचा ते आकड्यांनी लिहायची पद्धत, हीही चार रेघांचीच असते, पण त्या आडव्या. आणि क्रम उलटा! टॅबमध्ये वरची रेघ ए तार, म्हणजे जमिनीकडची, आणि खालची रेघ जी. वाद्य हातात धरून मान वाकवून खाली पाहिलं की तारा जशा दिसतात, तशी टॅब लिहिलेली असते असं लक्षात ठेवा.

नावापुढची शेपटी

नुसतं मोठं रोमन अक्षर म्हणजे मेजर कॉर्ड. पुढे बारीक एम असेल तर मायनर. शुद्ध गंधार कोमल झाला की मेजरचा मायनर होतो, एवढं ऐकून ओळखता येतं. खरी गडबड सेव्हनची. नावापुढे नुसता ७ असला तर एक कॉर्ड आणि ‘मेज’ लिहून मग ७ असला तर दुसरीच. नवखे दोन्ही एकच समजतात.

हे पाठ करण्यापेक्षा वाद्यावर करून पाहा. सगळ्या तारा मोकळ्या वाजवा: प, सा, ग, ध. सी, ई, जीच्या जोडीला ध आला, म्हणून या कॉर्डचं नाव सी सिक्स. आता फक्त ए तारेवर पहिल्या फ्रेटवर बोट ठेवा. ध चा कोमल नी झाला. ही सी सेव्हन, ०००१. ऐकताना वाटतं की आता पुढे कुठेतरी जायचंय. गाण्यात बहुतेक वेळा तिच्या पाठोपाठ एफ येतो तो त्यामुळेच. बोट दुसऱ्या फ्रेटवर सरकवा. शुद्ध नी आला, ही सी मेजर सेव्हन, ०००२. हुरहुर लावणारी, स्वस्थ न बसणारी, पण सी सेव्हनसारखी ओढ नाही. तिसऱ्या फ्रेटवर गेलात की सा, आणि घरी परत: सी, ०००३. एकाच तारेवर ध, कोमल नी, शुद्ध नी, सा अशी चार पावलं आणि चार वेगळी नावं. हे दहा मिनिटं कान देऊन केलं की नावापुढची शेपटी वगळायची सवय आपोआप जाते.

‘सस’ लिहिलेल्या कॉर्डमध्ये गंधारच नसतो. सस फोरमध्ये त्याच्या जागी मध्यम येतो, सस टूमध्ये रिषभ. सी सस फोर वाजवायची तर ०,०,१,३. ती वाजवून लगेच सी वाजवा, म वरून ग वर उतरल्याचं लख्ख कळेल. नावापुढे छोटंसं वर्तुळ दिसलं तर ती डिमिनिश्ड कॉर्ड, मोकळ्या तारेचं शून्य नव्हे.

तिरकी रेघ घालून दोन अक्षरं लिहिलेली असतील, समजा सी आणि खाली जी, तर पहिली कॉर्ड आणि दुसरा तिच्या बुडाचा खर्जातला सूर. उंच जी तार असलेल्या युकुलेलेवर खर्ज फारसा निघत नाही, तेव्हा रेघेच्या आधीचं अक्षर वाजवा आणि पुढे चला.

शब्दांच्या डोक्यावरची अक्षरं

नमुन्यासाठी दोन ओळी मुद्दाम बांधल्या आहेत:

[सी] गंगेकाठी [ए मायनर] सांज झाली
[एफ] घाटावरी [जी सेव्हन] दिवे आले

कॉर्ड ज्या अक्षराच्या आधी किंवा डोक्यावर आहे, त्याच अक्षरावर ती बदलायची. ‘गं’ वर सी, ‘सां’ वर ए मायनर. प्रत्येक कॉर्डला चार अक्षरं, एका अक्षराला एक ठोका धरला तर चार ठोके. गाण्याच्या आधी एखादा हलका शब्द असेल, ‘ही गंगेकाठी’, तर सी अजूनही ‘गं’ वरच राहील आणि ‘ही’ एकटाच ठोक्याच्या आधी पडेल. शीटवर पहिली कॉर्ड पहिल्या शब्दाऐवजी दुसऱ्यावर दिसली की तिथे असंच काही आहे असं समजा. सम कुठे आहे ते शोधायचं, बस्स.

बोटांकडे नीट पाहा. सी साठी ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका. ती उचलून मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर: ए मायनर. ते बोट तिथेच ठेवून तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर: एफ. आता तर्जनी अजिबात हलवायची नाही. मधलं बोट शेजारच्या सी तारेवर सरकवा आणि अनामिका ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर टेकवा. झाली जी सेव्हन. म्हणजे चार कॉर्डच्या प्रवासात दोनदा एकेक बोट जागेवर थांबून राहतं. नवी शीट हातात आली की पेन्सिल घेऊन आधी असली थांबणारी बोटं शोधा. बदलाची निम्मी भीती तिथेच जाते.

मधल्या वाद्यवादनाला शब्द नसतात, तिथे उभ्या रेघांच्या मध्ये कॉर्ड आणि पुढे तिरक्या रेघा असतात: | सी / / / | एफ / / / |. उभ्या दोन रेघांमधला भाग म्हणजे एक बार, प्रत्येक तिरकी रेघ एक ठोका. कॉर्डचं अक्षर स्वतःही एक ठोका खातं, म्हणून इथे चार. बारमध्ये टक्क्यासारखं चिन्ह असेल तर मागचा बार तसाच पुन्हा वाजवा. ‘एन सी’ लिहिलं असेल तिथे कॉर्ड नाही, नुसता गळा. कॉर्डभोवती हिऱ्यासारखा चौकोन असेल तर एकदाच छेडून आवाज विरू द्यायचा.

बाण, आणि हवेतला हात

शीटच्या माथ्यावर एकावर एक दोन आकडे असतात. चारावर चार म्हणजे एका बारमध्ये चार ठोके. ठोक्याचे दोन भाग केले की आठ, म्हणजे केरवा तालाच्या आठ मात्रा. तीनावर चार किंवा सहावर आठ दिसलं की मनात दादरा सुरू करा. वजनात दोन्हींत फरक आहे, पण सुरुवातीला तेवढं पुरतं. सहावर आठमध्ये पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जोर, दादऱ्याच्या दोन्ही ‘धा’ वर येतो तसाच.

↓ म्हणजे डाऊन, हात जमिनीकडे. ↑ म्हणजे अप. कुठे बाणांऐवजी रोमन डी आणि यू लिहितात. स्ट्रमिंगच्या ओळीतला डी म्हणजे डाऊन, शब्दांवरचा डी म्हणजे कॉर्ड. काही छापील पुस्तकांत व्हायोलिनची चिन्हं असतात, खाली उघडी असलेली चौकट म्हणजे डाऊन आणि व्ही म्हणजे अप. टॅबमध्ये मात्र बाण उलटे वाटू शकतात, कारण तिथे जी तार खाली काढलेली असते आणि जी तारेकडून ए तारेकडे जाणारा डाऊन स्ट्रोक कागदावर वर जाताना दिसतो. शंका आली तर पहिला जोरदार ठोका डाऊनच असणार असं धरा.

सगळ्यात जास्त भेटणारा पॅटर्न हा. त्याला आयलंड स्ट्रम म्हणतात:

मोजा: १ – आणि – २ – आणि – ३ – आणि – ४ – आणि
वाजवा: ↓ · ↓ ↑ · ↑ ↓ ↑

टिंब आहे तिथे तार वाजत नाही. पण हात थांबत नाही! हात आठही मात्रा खाली-वर, खाली-वर जातच राहतो. टिंबावर तो तारांना न लागता हवेतून जातो, एवढंच. कागदावर फक्त वाजलेले ठोके छापलेले असतात, ‘डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप’ असे, आणि नवखे तेवढेच ठोके एकामागून एक मारतात. मग दोन अप लागोपाठ कसे आले या विचारात लय मोडते. मधला डाऊन हवेत गेला, म्हणून ते दोन अप लागोपाठ दिसतात.

केरव्याच्या बोलांवर हे बसवून पाहा: धा गे ना ती | न क धि न. वाजतात त्या मात्रा धा, ना, ती, मग क, धि, न. हवेत जातात त्या ‘गे’ आणि पाचव्या मात्रेवरचा ‘न’. केरव्याची खाली पाचव्या मात्रेवरच असते. तबल्यात खालीला शांतता नसते, डग्ग्याची घुमार तेवढी जाते. इथे हात पूर्णच मोकळा जातो. तरी जागा तीच, आणि भजनात टाळ्या दिलेल्या माणसाला ती हलकी जागा आधीपासून माहीत असते. युकुलेले बाजूला ठेवून मांडीवर आधी हे बोल म्हणत हात फिरवा. मग तारांवर, एकाच सी कॉर्डवर. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने टकटक करणारं यंत्र किंवा ॲप, ६० वर ठेवा. कॉर्ड बदलायला लागलात की एखादी कॉर्ड चुकू द्या, हात चुकू देऊ नका. ऐकणाऱ्याला चुकलेला सूर क्षणभर खटकतो, पण थांबलेली लय सगळ्या गाणाऱ्यांना अडखळवते.

छेडायचं तर्जनीच्या नखाने खाली जाताना आणि बोटाच्या मऊ भागाने वर येताना, मान जिथे खोक्याला मिळते त्याच्या आसपास. हालचाल मनगटातून. अप स्ट्रोकमध्ये चारही तारा लागल्या पाहिजेत असं नाही, खालच्या दोन-तीन पुरतात.

स्ट्रमिंगच्या ओळीतला × म्हणजे चंक. डाऊन स्ट्रोक मारता मारताच तळव्याची कड तारांवर टेकवायची, की सूर न निघता ‘चक्’ असा ठोका निघतो. बहुतेक वेळा तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर येतो आणि ढोलकीची जागा भरून काढतो. नागमोडी उभी रेघ म्हणजे रोल, करंगळीपासून तर्जनीपर्यंत बोटं एकामागून एक उलगडत तारांवरून न्यायची. > चिन्ह असेल तिथे जोर. ‘स्विंग’ किंवा ‘शफल’ लिहिलं असेल तर मोजण्यातला ‘आणि’ जरा उशिरा येतो, लय डुलते. ‘स्ट्रेट’ म्हणजे सगळ्या मात्रा सारख्या. शीटवर पॅटर्नच दिलेला नसेल, आणि हे सारखं होतं, तर प्रत्येक ठोक्यावर एक डाऊन मारून गाणं पूर्ण म्हणा. पॅटर्न नंतर आपोआप सुचतो.

पुन्हा कुठून?

व्हर्स म्हणजे कडवं, कोरस म्हणजे ध्रुवपद, ब्रिज म्हणजे वेगळ्या चालीचा मधला तुकडा. दोन टिंबं असलेल्या जाड रेघांमधला भाग पुन्हा वाजवायचा. त्यावर १ आणि २ लिहिलेले कंस असतील तर पहिल्यांदा १ चा शेवट, दुसऱ्यांदा १ गाळून थेट २. डीसी म्हणजे अगदी सुरुवातीपासून, डीएस म्हणजे एस अक्षरावर तिरकी रेघ असलेल्या खुणेपासून, कोडा म्हणजे शेपटीचा भाग, वर्तुळावर फुली मारलेली खूण. गाणं सुरू करण्याआधी बोटाने एकदा सगळी वाट फिरून घ्या.

पट्टी जमवणे

शीट ज्या पट्टीत आहे ती तुमच्या गळ्याची असेलच असं नाही. गाणारी काळी चारमध्ये गाते आणि शीट सीमध्ये आहे, अशा वेळी कापो, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, कामाला येतो. काळी एक हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कापो लावून सीच्या कॉर्ड वाजवा. काळी चारसाठी पहिल्याच फ्रेटवर कापो ठेवून जीच्या घरातल्या कॉर्ड घ्या: सीच्या जागी जी, एफच्या जागी सी, जीच्या जागी डी, ए मायनरच्या जागी ई मायनर. पेटी सोबत असेल तर आधी युकुलेले पेटीला जुळवून घ्या, ट्यूनर काहीही म्हणो. पेटीचे सूर बैठकीत बदलता येत नाहीत, तुमच्या खुंट्या पिळता येतात.

गिटारची शीट मिळाली तर सहा तारांच्या चौकटी सोडून द्या, नावं तशीच चालतात. मात्र तिच्यावर ‘कापो २’ लिहिलेलं असेल आणि गिटारवाला शेजारी बसून वाजवत असेल, तर त्याची सी ऐकू येते डी म्हणून. तुम्हीही दुसऱ्या फ्रेटवर कापो लावा, नाहीतर प्रत्येक कॉर्ड दोन फ्रेट वरची घ्या. एकटेच वाजवत असाल तर ती सूचना विसरलात तरी चालेल.

मराठी गाण्यांच्या शीट व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यात एक अडचण नेहमीची. देवनागरीत फॉन्ट बदलला की शब्दांवरच्या कॉर्ड सरकतात आणि ‘सां’ वरची कॉर्ड ‘ली’ वर जाऊन बसते. कॉलेज रोडला झेरॉक्स काढण्याआधी एकदा म्हणून तपासा. स्वतः लिहित असाल तर कॉर्ड वर न ठेवता चौकटी कंसात, अक्षराच्या अगदी आधी, ओळीतच लिहा, वरच्या नमुन्यासारखी. माथ्यावर चार गोष्टी हव्यात: पट्टी, कापो कुठे, ताल केरवा की दादरा, आणि मेट्रोनोमचा आकडा. गाण्याच्या अर्ध्यात पान उलटावं लागू नये म्हणून सगळं एका पानावर बसवा, आणि अक्षर एवढं मोठं ठेवा की पान जमिनीवर ठेवूनही वाचता येईल.